तुकोबांच्या दुकानात नसलेला साबुदाणा

साबुदाण्याची खिचडी तुकोबांनी कधी खाल्लेली नाही. खाणं शक्यच नव्हतं. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात देहूत त्यांचं वाण्याचं दुकान होतं, घरात महाजनकी होती. गावात काय विकलं जातं आणि चुलीवर काय शिजतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण त्या दुकानात आजच्या साबुदाण्याचं पोतं नव्हतं आणि बटाटाही नव्हता. आज मात्र त्याच देहूत एकादशीला या दोन वस्तूंवाचून कुणाचं पान हलत नाही.

उपवासाचं भरलेलं ताट समोर घ्या: खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू, वर हिरवी मिरची. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा ब्राझीलकडचा. बटाटा अँडीज पर्वतातला, पेरू-बोलिव्हियाचा. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच. रताळं आणि मिरचीही अमेरिकेच्याच खंडांतून आलेली, राजगिरा मेक्सिकोचा. कोलंबस १४९२ साली चुकून तिकडे पोचला नसता, तर 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणायची सोय मराठी माणसाला राहिली नसती.

सोवळ्यातल्या ताटात इतके परके पाहुणे शिरले कसे? माझा तर्क साधा आहे. एकादशीला अन्न, म्हणजे धान्य, वर्ज्य. काय वर्ज्य आणि काय चालतं हे ठरलं तेव्हा बटाट्याचं नावही इकडे कुणी ऐकलं नव्हतं, आणि यादीत ज्याचं नाव नाही त्याला अडवणार कोण? कंद आहे, धान्य नाही, एवढ्यावर बटाटा पास झाला. टोमॅटोही अमेरिकेचाच, पण त्याला उत्तर हिंदुस्थानातल्या व्रताच्या स्वयंपाकात प्रवेश मिळाला आणि आपल्याकडे नाही. कोथिंबीर चालते की नाही, यावर तर दोन सख्ख्या जावांचंही एकमत होत नाही.

साबुदाण्याची कथा सर्वांत नागमोडी. मूळचा साबुदाणा कसाव्याचा नव्हेच. मलाया-इंडोनेशियाकडच्या सागू नावाच्या ताडाचं खोड फोडून आतल्या गरातून पिठूळ सत्त्व काढत, त्याचे ते दाणे. कसावा पोर्तुगीजांच्या जहाजांतून मलबारात उतरला. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी गरिबाचं पोट भरावं म्हणून त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. कच्च्या कसाव्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, त्यामुळे तो धुऊन, शिजवून, पाणी टाकूनच खावा लागतो. म्हणजे उपवासाच्या दिवशी आपण ज्याच्यावर विसंबतो, तो कंद मुळात विषारी आहे.

मग दुसरं महायुद्ध आलं. जपानने मलाया आणि जावा घेतल्यावर तिकडून येणारा माल थांबला. तेव्हा तमिळनाडूतल्या सेलममध्ये १९४३च्या सुमारास माणिकम चेट्टियार आणि पोपटलाल शहा यांनी कसाव्यापासून साबुदाणा काढायला सुरुवात केली. आज महाराष्ट्र जो साबुदाणा खातो तो बहुतेक सेलम भागातला. कंद सोलून किसायचा, दुधासारखं पाणी टाक्यांत निवळू द्यायचं, खाली बसलेलं ओलं सत्त्व फोडून झोळीसारख्या कापडात हलवायचं. हलवता हलवता गोळ्या वळल्या जातात. मग चाळून, तव्यावर भाजून त्या उन्हात वाळवतात. व्हॉट्सअॅपवर दर आषाढीला 'साबुदाणा पायांनी तुडवतात' असा एक निरोप फिरतो. तो वाचून खिचडी सोडलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. फार तर दुसऱ्यांदा वाढून घेताना तो जरा मागे-पुढे पाहतो.

ज्या पदार्थाशिवाय उपवास घडत नाही असं वाटतं, त्याचं देशी कारखान्यातलं वय असं जेमतेम ऐंशी वर्षांचं. तुकोबांची पालखी त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केली. तिच्या प्रवासातला बराच काळ हा साबुदाणा नव्हताच.

राजगिरा याहून गमतीचा. अॅझ्टेक लोक त्याला उआऊत्ली म्हणत. सणाला राजगिऱ्याचं पीठ मधात मळून ते देवाची मूर्ती घडवत आणि तिचे तुकडे प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश धर्मगुरूंना यात आपल्या ख्रिस्तप्रसादाची विटंबना दिसली. १५२१मध्ये तेनोच्तित्लान ही अॅझ्टेकांची राजधानी पडल्यावर या पिकाचा आणि त्याच्या विधींचा पाठलाग झाला, आणि मेक्सिकोत ते मागे पडलं. पुरतं मात्र मेलं नाही. मेक्सिकोच्या रस्त्यांवर आजही फुलवलेल्या राजगिऱ्याची गोड वडी 'आलेग्रिया' या नावाने विकतात, आणि ती देहूच्या दुकानात बरणीतून मिळणाऱ्या राजगिऱ्याच्या वडीची सख्खी बहीण शोभते. तिकडे मध किंवा काकवी, इकडे गूळ, एवढाच फरक. एका देशात देवाचा म्हणून बंदी आलेला दाणा दुसऱ्या देशात देवासाठीच राखून ठेवला गेला, यापेक्षा मोठा चमत्कार कुठल्या पाककृतीत घडला असेल असं मला वाटत नाही. वर मेख अशी की राजगिरा वनस्पतिशास्त्राने धान्य नाहीच, तो माठाच्या भाजीचा भाऊबंद. उलट उपवासाला चालणारी अस्सल देशी वरई मात्र गवतकुळातलं सरळसरळ धान्य आहे. नियम कडक लावायचा तर बाहेर वरईनेच जायला हवं.

आता कुणी म्हणेल, निदान भाकरी तरी आपली. तुकोबा भंडारा डोंगरावर बसले की त्यांची पत्नी जिजाई त्यांच्यासाठी भाकरी घेऊन चढायची, ही कथा घरोघर ठाऊक आहे. प्रभातच्या १९३६च्या 'संत तुकाराम' चित्रपटात दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी आणि अभिनेत्री गौरीने ती जिजाई अशी उभी केली की पुढच्या कित्येकांना जिजाई म्हटलं की गौरीच आठवली. पण टोपलीतल्या भाकरीची ज्वारी मूळची आफ्रिकेतली, सुदानकडची. बाजरी सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेची, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांतली. फार जुने पाहुणे, हजारो वर्षांपूर्वी आलेले, पण पाहुणेच. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यातल्या इनामगावात घोड नदीकाठी उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तिथे राहणाऱ्या शेतकऱ्यांचं मुख्य पीक निघालं जव. पुणे जिल्ह्याच्या सर्वांत जुन्या ज्ञात शेतकऱ्यांपैकी काहींनी रोज ज्याच्यावर पोट भरलं, ते आज आपण डॉक्टरने सांगितल्यावर विकत आणतो.

उगमाच्या कथा सांगताना आपली मंडळी हात सैल सोडतात. सांबार म्हणे संभाजीराजांच्या नावावरून आलं: तंजावरच्या शाहूजींच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली, चिंच घातली आणि पाहुण्याच्या नावाने पदार्थ झाला. मराठी छाती फुगवायला कथा उत्तम, पण तिला समकालीन कागदाचा आधार दाखवलेला नाही, आणि शाहूजी गादीवर आल्यानंतर पाच वर्षांतच, १६८९ साली, संभाजीराजांची हत्या झाली. कागदाचा आधार हवा असेल तर बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यराजा सोमेश्वराने लिहिवलेला 'मानसोल्लास' उघडावा. त्यात वडे आहेत, इडलीची पूर्वज आहे, आणि शेतातल्या उंदरांची पाककृतीही आहे. ती मात्र 'आमची परंपरा' म्हणून पुढे आणायला कुणी आलेलं नाही.

देहूपासून पूर्वेला चाकण लागतं. जगाला ते मोटारींच्या कारखान्यांचं गाव वाटतं. पण शेतकऱ्याला चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार. १८८५च्या पुणे गॅझेटिअरमध्येही खेड-जुन्नरकडच्या बटाट्याची नोंद आहे, म्हणजे इथल्या मातीत त्याची सव्वाशेच्या वर वर्षं मुरली. एकादशीला तो उपवासाच्या भाजीत असतो. दुसऱ्या दिवशी तोच बेसनात बुडून पावात बसतो. वडापाव १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केला, असं सांगितलं जातं. पाव पोर्तुगीजांचा, वड्यातला बटाटा आणि मिरची अमेरिकेची, आपलं काय ते बेसन आणि गर्दी. बेसनाचा हरभराही मुळात तुर्कस्तानकडचा आहे, पण आता इतकं खणू नये.

कांद्याचं नशीब याच्या उलट. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य म्हणून आदल्या दिवसांत भज्यांपासून थालीपिठापर्यंत सगळं उरकून घ्यायचं. आणि देशाचं कांदा-लसूण संशोधनाचं केंद्र १९९८पासून कुठे आहे? राजगुरुनगरला, चाकणच्या पलीकडे. एकीकडे वारकरी कांद्याचा निरोप घेतात, त्याच वेळी शेजारी शास्त्रज्ञ तो जास्त टिकावा म्हणून खटपट करत असतात. कांदा दोघांचाही ऋणी असेल.

एकादशीनंतर द्वादशीला पारणं, आणि पारण्याला भात हवा. मावळात भात म्हणजे इंद्रायणी. नदीचं नाव असलेला, शिजताना वास दरवळणारा, मऊ, चिकटसर. हा वाण पुरातन वगैरे नाही, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार होऊन तो १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. आंबेमोहर १५७ ही त्याची एक बाजू. दुसरी आय.आर.-८, म्हणजे फिलिपिन्समध्ये १९६६ साली आलेलं ते प्रसिद्ध बुटकं भात, ज्याचे पूर्वज इंडोनेशियाचे आणि तैवानचे. आंबेमोहर उंच वाढतो आणि वाऱ्यापावसात लोळतो. बुटक्या रक्ताने ताठपणा आणि उतारा दिला, वास आजोळचा राहिला. नवा इंद्रायणी असेल तर पाणी नेहमीपेक्षा कमी घालावं, नाहीतर भाताचा गुरगुट्या होतो. वर मेतकूट आणि तूप असेल, तर तोही वाईट लागत नाही.