तेलाविना तळण : कितपत आरोग्यदायी?

दिवाळीचा फराळ असो, पावसाळ्यातील कांदाभजी असोत की रस्त्याकाठचा बटाटेवडा असो, महाराष्ट्राच्या खाद्यजीवनात कढईला मानाचे स्थान आहे. परंतु हेच तळण आज अनेक कुटुंबांत चिंतेचा विषय झाले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेली आहे. घरात मधुमेहाचा वा हृदयविकाराचा रुग्ण असला की तेल कमी करण्याचा सल्ला मिळतो आणि मग ‘एअर फ्रायर’ या विजेवर चालणाऱ्या उपकरणाकडे लक्ष वळते. काही हजार रुपये खर्चून घेतलेले हे उपकरण खरोखरच आरोग्याला उपकारक ठरते काय, याचा विचार म्हणूनच अगत्याचा आहे.

तळणे नव्हे, भाजणे

नाव तळणीचे असले तरी हे उपकरण वस्तुतः तळत नाही, ते भाजते. त्यात विजेने तापणारी तार आणि तिच्यालगत वेगाने फिरणारा पंखा असतो. तापलेली हवा जाळीदार भांड्यातील पदार्थाभोवती सतत खेळत राहते. त्यामुळे पदार्थाचा पृष्ठभाग लवकर सुकतो आणि खमंग व कुरकुरीत होतो. फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये हे उपकरण बाजारात आणले आणि नंतर इतर अनेक उत्पादकांनी त्याचे अनुकरण केले. थोडक्यात, ही आकाराने लहान, परंतु हवा खेळविणारी भट्टीच होय.

कढईतील क्रिया वेगळी असते. तेथे तेल साधारणतः १७० ते १९० अंश सेल्सियसपर्यंत तापलेले असते. पदार्थ त्यात पडताच त्यातील पाण्याची वाफ होऊन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि पदार्थात सूक्ष्म पोकळ्या निर्माण होतात. पदार्थ बाहेर काढल्यावर, तो निवत असताना, पृष्ठभागावरील तेल या पोकळ्यांत ओढले जाते.

उष्मांकांचा हिशेब

एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून किंवा प्रथिनापासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम तेलापासून ९. कच्च्या बटाट्यात स्निग्धांश जवळजवळ नसतो; परंतु तळलेल्या १०० ग्रॅम वेफर्समध्ये तो साधारणतः ३५ ग्रॅम असतो. म्हणजे केवळ तेलाचेच ३००हून अधिक उष्मांक पोटात जातात. उलट, अर्धा किलो बटाट्याच्या फोडींना चहाचे दोन चमचे तेल चोळून त्या गरम हवेवर भाजल्यास सबंध घाण्यात तेलाचे उष्मांक ८०च्या आसपास राहतात. वजन आटोक्यात ठेवू इच्छिणाऱ्यांना हा लाभ निश्चितच मोठा आहे.

दुसरा लाभ उरलेल्या तेलाचा. तळणीचे तेल वारंवार तापविल्याने त्यात अपायकारक संयुगे साठत जातात. या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक असू नये, असा दंडक भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला आहे. घरात हे प्रमाण मोजणे गृहिणीला शक्य नसते. जेथे तळणीचे तेल उरतच नाही, तेथे तो प्रश्नही उद्भवत नाही.

सावधगिरी कोठे हवी?

तेल टळले म्हणजे सारे धोके टळले, असे मात्र नाही. बटाटा, रताळे यांसारखे पिष्टमय पदार्थ १२० अंशांहून अधिक तापमानात भाजले वा तळले असता त्यांतील शर्करा आणि ॲस्परजिन हे अमिनो आम्ल यांच्या संयोगाने ॲक्रिलामाइड तयार होते. अन्नातील त्याचे अस्तित्व २००२ मध्ये स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरले आहे. मानवी आहाराच्या अभ्यासांतून मात्र निर्विवाद निष्कर्ष निघालेला नाही. गरम हवेच्या उपकरणातही हे द्रव्य तयार होते. त्याचे प्रमाण तापमान, वेळ आणि पदार्थाचा रंग यांवर अवलंबून असते. म्हणून बटाट्याच्या फोडी आधी पाण्यात भिजवून, निथळून व कोरड्या करून घ्याव्यात आणि सोनेरी पिवळा रंग येताच काढाव्यात. काळपट, करपलेला भाग खाऊ नये.

बाजारात मिळणाऱ्या गोठविलेल्या बटाट्याच्या फोडी बहुधा कारखान्यातच तेलातून काढलेल्या असतात. त्या घरी तेलाविना भाजल्या तरी आधीचे तेल त्यांत असतेच. तसेच मीठ, मैदा व साखर यांचे प्रमाण कोणतेही उपकरण कमी करू शकत नाही. मैद्याची करंजी हवेवर भाजली, तरी ती मैद्याचीच राहते.

आपल्या स्वयंपाकघरात

भज्यांचे पातळ पीठ या उपकरणात जाळीतून गळते, कारण त्याला तत्काळ घट्ट करणारे उकळते तेल तेथे नसते. अळूवडी, कोथिंबीर वडी, कटलेट, पापड, पनीर किंवा मासळीचे तुकडे मात्र चांगले होतात. भांडे गच्च भरल्यास हवा खेळत नाही व पदार्थ आत कच्चा राहतो. म्हणून एकच थर लावावा. आतील लेपाला ओरखडे पडू नयेत यासाठी तारेच्या घासणीचा वापर टाळावा.

ज्यांच्या घरी हे उपकरण नाही त्यांनी हळहळण्याचे कारण नाही. उकडीचे मोदक, इडली, तव्यावरचे थालीपीठ, निखाऱ्यावर भाजलेले वांगे, वाळूत भाजलेले फुटाणे या साऱ्यांत अल्प तेलाची युक्ती पूर्वापार चालत आली आहे. वाफेवर शिजविण्यात तर ॲक्रिलामाइडचीही भीती नाही.

तात्पर्य, कढईतील तळणाशी तुलना करता हवेवर भाजणे निःसंशय हितकर आहे; परंतु वरण-भात, भाकरी, उसळ व पालेभाजी यांची जागा ते घेऊ शकत नाही. रोज तळण खाणाऱ्या कुटुंबाला या उपकरणाचा उपयोग होईल. मात्र ‘यात तेल नाही’ या समजुतीने दोनऐवजी सहा वडे खाल्ले गेले, तर वाचविलेले तेल वाया गेले असेच म्हणावे लागेल. उपकरण हे साधन आहे. आरोग्य ठरते ते ताटात काय वाढले आणि किती वाढले यावरून.