संमतिपत्रावर सही कोणाची?

शस्त्रक्रियेपूर्वी भरावयाचे संमतिपत्र रुग्णालयात बहुधा पती, थोरला मुलगा अथवा सासरे यांच्या हाती दिले जाते. रुग्ण शुद्धीवर असते, सज्ञान असते. परंतु तिला कोणी विचारीत नाही. ही रीत इतकी रूढ झाली आहे की, तोच कायदा असल्याचा समज आढळतो. वस्तुतः कायदा निराळा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला एक निर्णय या बाबतीत मार्गदर्शक होय. दिल्लीतील ४४ वर्षांच्या एका अविवाहित महिलेवर १९९५ मध्ये दुर्बिणीद्वारे तपासणी करावयाची होती व तिने तशी संमती दिली होती. ती भुलेखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजांडे काढून टाकली. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही रुग्ण सज्ञान असून काही वेळाने शुद्धीवर येणार होती. सबब आईची संमती गैरलागू ठरली. तपासणीस दिलेली संमती ही उपचारास दिलेली संमती नव्हे, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय रुग्णास समजावून सांगणे आवश्यक आहे. प्राण वाचविण्यासाठी थांबणे शक्य नसेल, तर गोष्ट वेगळी. भरपाई मात्र अवघी २५,००० रुपये मिळाली.

महाराष्ट्रातील मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानंतर १९७१ मध्ये झालेल्या वैद्यकीय गर्भपात कायद्यातही हेच तत्त्व आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असून पतीची सही आवश्यक नाही. अर्थात, कायद्यातील अटी पूर्ण होतात की नाही, हे डॉक्टरच ठरवितात. तेवढा अधिकार त्यांच्याकडे राहिला आहे.

रुग्णास बोलता येईनासे झाले तर? बरे होण्याची आशा नसलेल्या आजारात कृत्रिम साधनांनी जीव लांबवू नये, अशी इच्छा आधीच लिहून ठेवण्यास न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२३ मध्ये ही पद्धत सोपी करण्यात आली. दोन साक्षीदारांसमोर सही करून लेख नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येतो. या लेखाची प्रत जतन करण्यासाठी महानगरपालिका, नगरपालिका वा पंचायतीने अधिकारी नेमावयाचा आहे. आपल्या पंचायतीत असा अधिकारी नेमला आहे काय, हे सदस्यांनी येत्या मासिक सभेत अवश्य विचारावे.