पर्रेसिया

पर्रेसिया : बायबलच्या नव्या करारातील एक अर्थसंपन्न ग्रीक संज्ञा. धैर्य, निर्भयता, मोकळेपणा, उघडपणा, विश्वासयुक्त आत्मीयता असे तिचे अनेक अर्थ होतात. ‘सर्व’ या अर्थाचे ‘पान’ आणि ‘बोलणे’ या अर्थाचे ‘र्‍हेसिस’ या दोन ग्रीक शब्दांपासून ती सिद्ध झाली आहे. ‘काहीही हातचे न राखता सर्व बोलणे’ हा तिचा व्युत्पत्त्यर्थ होय. मूळचा हा शब्द राजकीय जीवनातील. तेथून तो मैत्रीच्या व नीतीच्या क्षेत्रात आणि पुढे ज्यू व ख्रिस्ती परंपरांत ईश्वर व मानव यांच्या संबंधांच्या वर्णनात आला. या प्रवासात त्याचा अर्थ पालटत गेला. तथापि ‘ज्याच्यासमोर भ्यावे त्याच्यासमोर न भिता बोलणे’ हा त्याचा गाभा टिकून राहिला.

ग्रीक पार्श्वभूमी : उपलब्ध वाङ्‌मयात हा शब्द प्रथम इ. स. पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, यूरिपिडीझच्या नाटकांत आढळतो. इ. स. पू. ४२८ मध्ये सादर झालेल्या हिपॉलिटस या शोकात्मिकेतील फीड्रा ही आपल्या मुलांनी अथेन्समध्ये स्वतंत्रपणे आणि पर्रेसियासह जगावे, अशी इच्छा व्यक्त करते. आईबापांच्या कलंकाची जाणीव धीट माणसालाही दास बनविते, असे ती म्हणते. फिनिशियन स्त्रिया या नाटकात निर्वासित पॉलिनाइसीझ आपल्या मातेला सांगतो, की परदेशवासातील सर्वांत मोठे दुःख म्हणजे पर्रेसियाचा अभाव. मनातले बोलता न येणे हे दासाचे जिणे आहे, असे त्यावर माता म्हणते. अथेन्सच्या लोकसभेत बोलण्याच्या समान हक्काला ‘इसेगोरिया’ म्हणत. पर्रेसिया ही मात्र तो हक्क बजावताना अंगी असावी लागणारी सडेतोड वृत्ती होती. ती केवळ स्वतंत्र पुरुष नागरिकांपुरती मर्यादित होती. दास, परदेशी रहिवासी व स्त्रिया यांना तिच्यात वाटा नव्हता.

या शब्दाला प्रथमपासूनच दोन बाजू होत्या. प्लेटोने रिपब्लिकच्या आठव्या भागात लोकशाही नगर पर्रेसियाने भरलेले असते असे म्हटले आहे, ते उपरोधाने. तेथे त्याला बेबंद वाचाळपणा अभिप्रेत आहे. उलट ॲरिस्टॉटलच्या मते उदात्त मनाचा मनुष्य स्पष्टवक्ता असतो, कारण लोकमतापेक्षा त्याला सत्याची चाड अधिक असते. जगातील सर्वांत सुंदर गोष्ट कोणती, या प्रश्नाला सिनिक पंथाच्या डायोजेनीसने ‘पर्रेसिया’ असे उत्तर दिल्याची आख्यायिका आहे. लोकशाही संस्था दुबळ्या झाल्यावर हा शब्द सभेतून खाजगी जीवनात आला. इ. स. पू. पहिल्या शतकात एपिक्यूरसपंथी फिलोडीमसने पर्रेसियावर ग्रंथ लिहिला. त्याचे अवशेष हर्क्युलेनियम येथील जळालेल्या पपायरसांत सापडले आहेत. प्लूटार्कने खुशमस्कर्‍या आणि मित्र यांतील भेद विशद करताना, मित्राला दोष दाखविण्याचे हे साधन केव्हा व कसे वापरावे याची चर्चा केली.

ज्यू परंपरा : हिब्रू बायबलच्या सेप्ट्युअजिंट या ग्रीक भाषांतरात हा शब्द मोजक्याच ठिकाणी येतो, परंतु तेथे त्याला नवा संदर्भ लाभतो. लेवीय या ग्रंथात (२६:१३) ईश्वर इस्राएल लोकांना सांगतो, की त्याने त्यांच्या मानेवरील जोखड मोडून त्यांना ताठ मानेने चालविले. मूळ हिब्रूतील ‘ताठ’ या अर्थाच्या शब्दासाठी भाषांतरकारांनी ‘पर्रेसियासह’ असे शब्द योजले. ज्या स्वातंत्र्याचा अथेन्सच्या नागरिकाला जन्मसिद्ध अभिमान होता, ते येथे दास्यातून सुटलेल्या जनसमूहाला ईश्वराकडून मिळालेले आहे. नीतिसूत्रे या ग्रंथाच्या ग्रीक पाठात (१०:१०) मोकळेपणाने दोष दाखविणारा मनुष्य शांती घडवून आणतो, असे म्हटले आहे. हिब्रू पाठ याहून भिन्न आहे. ईयोबाच्या ग्रंथात (२२:२६) ईश्वरासमोर असणारी पर्रेसिया ही कल्पना प्रथमच स्पष्ट होते. अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फायलो याने तिचे विवेचन केले आहे. त्याच्या मते सेवकाने स्वामीशी मोकळेपणाने बोलणे केव्हा उचित ठरते, तर त्याने काही अपराध केलेला नसून त्याचे मन स्वामीविषयीच्या प्रेमाने भरलेले असते तेव्हा. पुढे रब्बींच्या वाङ्‌मयात हा शब्द ‘फरहेसिया’ या रूपात ‘जाहीरपणे, लोकांदेखत’ या अर्थाने रूढ झाला.

नव्या करारातील प्रयोग : नव्या करारात हे नाम ३१ वेळा आणि त्यापासून बनलेले क्रियापद ९ वेळा येते. नामाचे ९ प्रयोग योहानकृत शुभवर्तमानात, ५ प्रेषितांच्या कृत्यांत, ८ पौलाच्या नावावरील पत्रांत, ४ इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात, ४ योहानाच्या पहिल्या पत्रात व १ मार्ककृत शुभवर्तमानात आहे. मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांत तो मुळीच नाही. या प्रयोगांचे स्थूलमानाने तीन अर्थगट पडतात.

पहिला गट ‘उघडपणे, स्पष्टपणे’ या अर्थाचा. मार्कच्या शुभवर्तमानात (८:३२) येशू आपल्या भावी दुःखभोगाविषयी उघडपणे बोलतो व त्यामुळेच पेत्र त्याला दटावू लागतो. योहानाच्या शुभवर्तमानात हा शब्द एकीकडे गुप्ततेच्या व दुसरीकडे दृष्टांतरूप बोलण्याच्या विरोधी अर्थाने येतो. भीतीमुळे कोणी येशूविषयी उघड बोलत नव्हते (७:१३) आणि चौकशीच्या वेळी मात्र आपण जगासमोर उघड बोललो, असे येशूने सांगितले (१८:२०), या दोन प्रसंगांतील विरोध लक्षणीय आहे.

दुसरा गट ‘सत्ताधार्‍यांसमोरील निर्भयता’ या अर्थाचा असून तो मुख्यत्वे प्रेषितांच्या कृत्यांत आढळतो. यरुशलेमच्या न्यायसभेपुढे उभे केलेले पेत्र व योहान हे अशिक्षित व सामान्य असूनही त्यांची पर्रेसिया पाहून सभासद चकित झाले (४:१३). ग्रीक जगात हा गुण नागरिकत्व, शिक्षण व वक्तृत्व यांच्याशी निगडित होता. येथे तो कोळ्यांच्या ठायी दिसतो. त्याच अध्यायात, धमक्या मिळाल्यानंतर शिष्यसमुदाय संकट टळावे अशी प्रार्थना न करता बोलण्याचे धैर्य मिळावे अशी प्रार्थना करतो (४:२९). म्हणजे ही निर्भयता स्वभावसिद्ध नसून ती मागावी लागते. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (६:१९-२०) बेड्यांत असलेला लेखकही तिच्यासाठी इतरांनी प्रार्थना करावी, अशी विनंती करतो. कृत्यांच्या ग्रंथाचा शेवटही याच शब्दाने, रोम येथे पहार्‍यात राहून पौल पूर्ण पर्रेसियासह उपदेश करीत असल्याच्या उल्लेखाने होतो (२८:३१).

तिसर्‍या गटात मनुष्य ईश्वरासमोर उभा असतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात वाचकांना कृपेच्या सिंहासनाजवळ धीटपणे जाण्यास सांगितले आहे (४:१६) आणि छळामुळे ही पर्रेसिया टाकून देऊ नका, असे बजावले आहे (१०:३५). योहानाच्या पहिल्या पत्रात न्यायाच्या दिवशी असणारे धैर्य (४:१७) आणि प्रेम भीतीला घालवून देते हा विचार एकमेकांना लागून येतात. तसेच अंतःकरण दोष देत नसेल तर ईश्वरासमोर पर्रेसिया असते, असे म्हटले आहे (३:२१). निर्दोष मनाचा आणि मोकळ्या वाणीचा जो संबंध यूरिपिडीझच्या फीड्राला जाणवला होता, तोच येथे धार्मिक पातळीवर प्रकट होतो.

पौलाने फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रातील प्रयोग (वचन ८) या गुणाची मर्यादा दाखवितो. आज्ञा देण्याइतकी पर्रेसिया आपल्याजवळ आहे. परंतु प्रेमास्तव आपण विनंतीच करतो, असे तो ओनेसिम या दासासाठी रदबदली करताना लिहितो.

समानार्थी शब्द : ‘थार्सेओ’ हे क्रियापद धीर धरणे या अर्थाचे असून शुभवर्तमानांत ते येशूने रुग्णांना व भयभीत शिष्यांना उद्देशून ‘धीर धर’, ‘धीर धरा’ अशा आज्ञार्थी रूपात वापरले आहे. ‘तोल्माओ’ म्हणजे धाडस करणे. ‘पेपॉइथेसिस’ म्हणजे भरवसा. यांपैकी कोणताही शब्द बोलण्याशी बांधलेला नाही; पर्रेसियात मात्र धैर्य, सत्य आणि वाणी ही तिन्ही एकत्र येतात.

उत्तरकालीन अर्थविकास : दुसर्‍या शतकातील स्मर्नाचा बिशप पॉलिकार्प याच्या हौतात्म्याच्या वृत्तांतात तो रोमन अधिकार्‍यासमोर आपण ख्रिस्ती असल्याचे पर्रेसियासह सांगतो. पुढे हुतात्म्यांना व संतांना ईश्वरासमोर विशेष पर्रेसिया असते व म्हणून ते इतरांसाठी मध्यस्थी करू शकतात, अशी समजूत दृढ झाली. याउलट ईजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांच्या वचनसंग्रहांत हाच शब्द अतिपरिचय व सैल बोलणे या दोषासाठी योजलेला असून त्यापासून दूर राहण्याचा उपदेश केला आहे. पूर्वेकडील चर्चमध्ये रूढ असलेल्या, संत जॉन क्रिसोस्टमच्या नावाच्या उपासनाविधीत प्रभूच्या प्रार्थनेपूर्वी ईश्वराला पिता म्हणण्याची पर्रेसिया मिळावी, अशी याचना असते.

एकाच शब्दाचे हे सर्व अर्थ दुसर्‍या भाषेत एका शब्दाने व्यक्त होत नाहीत. लॅटिन व्हल्गेट भाषांतरात प्रसंगानुसार विश्वास, स्थिरता व उघडपणा या अर्थांचे निरनिराळे शब्द आले आहेत. मराठी बायबलमध्येही ‘धैर्य’ व ‘उघडपणे’ असे भिन्न शब्द योजावे लागतात. त्यामुळे अर्थ सुबोध होतो. पण न्यायसभेपुढील धीटपणा आणि प्रार्थनेतील मोकळीक ही एकाच शब्दाची रूपे आहेत, हे वाचकाच्या ध्यानी येत नाही.

विसाव्या शतकात फ्रेंच विचारवंत मीशेल फूको याने १९८२ ते १९८४ या काळातील आपल्या व्याख्यानांत या संकल्पनेकडे पुन्हा लक्ष वेधले. त्याच्या मते सत्य बोलण्यात वक्त्याला काही धोका असेल आणि तरीही ते बोलणे तो आपले कर्तव्य समजत असेल, तरच ती पर्रेसिया होय. राजा प्रजेला सुनावतो तेव्हा त्यात जोखीम नसते. प्रजाजन राजाला सुनावतो तेव्हा असते. नव्या करारातील न्यायसभेच्या प्रसंगालाही हा निकष लागू पडतो. मात्र तेथील बोलणार्‍याचे बळ त्याच्या नागरी हक्कात वा मनोनिग्रहात नाही. ज्याच्यापुढे काहीही लपविण्याचे कारण उरलेले नाही अशा ईश्वराशी असलेल्या नात्यात ते आहे, अशी त्या ग्रंथांची धारणा आहे.