परमुलखात घर मांडताना

नवऱ्याची किंवा तुमची स्वतःची नोकरी जर्मनीत ठरली, की आपली तयारी सुरू होते ती मसाले नि लोणच्यांपासून! पण तिथे खरी कसोटी लागते ती भाड्याचं घर शोधताना. तेव्हा मैत्रिणींनो, निघण्याआधी एवढं वाचाच.

जाहिरातीत ‘दोन झिमर’ म्हटलं, की दोन बेडरूम समजू नका हं. स्वयंपाकघर नि न्हाणीघर सोडून उरलेल्या खोल्या तिथे मोजतात. म्हणजे आपला हॉल आणि एक बेडरूम. भाडंही दोन तऱ्हांचं. ‘काल्टमीटं’ नुसत्या जागेचं. ‘वार्ममीटं’ पाणी, हीटिंग वगैरे धरून. विजेचं बिल बहुधा निराळंच. महिन्याचा हिशेब बसवायचा तो या मोठ्या आकड्यावर.

आपल्याला धक्का बसतो तो स्वयंपाकघरात. पुष्कळ घरांत तिथे ना ओटा, ना सिंक, ना शेगडी! आधीचा भाडेकरू आपलं सामान विकत देऊ करतो. नीट पाहून, भाव करूनच घ्या.

अनामत रक्कम कायद्याने काल्टमीटंच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही, आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. २०१५ पासून भाड्याच्या घराची दलाली, ज्याने दलाल नेमला त्यानेच द्यायची. मालकाने नेमलेल्या दलालाला तुम्ही पैसे द्यायचे नाहीत.

‘मी परगावी आहे, पैसे पाठवा, किल्ली पोस्टाने येईल,’ असं कुणी कळवलं तर सरळ पाठ फिरवा. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक पैसाही पाठवू नका. त्यापेक्षा पहिले काही आठवडे सामानासकटची खोली घ्या आणि तिथे राहून घर शोधा. नोकरीचा करार नि पगाराचे कागद हाताशी असू द्या.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंद करावी लागते. त्यासाठी मालकाचा दाखला हवा. म्हणून आधीच विचारा, ‘या पत्त्यावर नोंद होईल ना?’ टाळाटाळ झाली, तर ते घर सोडून द्या.

किल्ली घेताना भिंतीवरचा ओरखडा, गळका नळ, सगळं लिहून दोघांच्या सह्या घ्या. फोटोही काढा. घर सोडताना अनामत परत मिळवायला हाच कागद उपयोगी पडतो, बरं का!