फेडर शून्यावर, लाइट ऐंशीवर: नाटकाचे लाइट हाताने चालवताना

आजच्या एपिसोडचा हा लिखित भाग. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'तर' जरा कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच आहे.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण आज कोड नाही, आज लाइट. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात दिवाळी झाली की मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक लागतं. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या चार जिल्ह्यांत होळीपर्यंत हा सीझन चालतो. बहुतेक कंपन्या वडशाच्या. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीसाठी.

नाटक रात्री दहाच्या आसपास सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. गाण्याला वन्स मोअर आला की गाणं परत. विनोदी नट रंगात आला की दोन मिनिटांचा प्रवेश दहा मिनिटांचा. मग लाइटची वेळ आधीच रेकॉर्ड करून काय उपयोग? कोणीतरी फेडरवर बोट ठेवून बसावंच लागतं. आमच्याकडे हे काम माझा मामेभाऊ करतो. मागच्या मंडईला तो जेवायला गेला आणि डेस्क माझ्या हातात देऊन गेला. "इंजिनिअर आहेस नं, पाय थोडा वेळ."

आता डेस्क काय असतो ते समजून घ्या. लहान कार्यक्रमांत बहुतेक ठिकाणी दिसतो तो १९२ चॅनेलचा डीएमएक्स डेस्क. डावीकडे १२ बटणं, म्हणजे १२ लाइट. प्रत्येक लाइटला १६ चॅनेल. बारा सोळे एकशे ब्याण्णव. पहिल्या बटणाचा पत्ता १ पासून, दुसऱ्याचा १७ पासून, तिसऱ्याचा ३३ पासून. लाइटच्या मागे हाच पत्ता सेट करायचा.

चॅनेल म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. आमच्या एलईडी पारचं पहिलं चॅनेल एकूण उजेडाचं, पुढची लाल, हिरवा, निळा अशी. डेस्क हे आकडे एका वायरवरून सेकंदात कित्येक वेळा पाठवत राहतो. वायर एकतर्फी आहे. लाइटने ऐकलं की नाही, हे डेस्कला कधीच कळत नाही.

आता खरी गंमत. चॅनेल १९२, पण फेडर फक्त ८. पेज बदललं की तेच आठ फेडर पुढची आठ चॅनेल चालवतात. म्हणजे एकच फेडर आळीपाळीने सगळ्या लाइटसाठी वापरायचा. आणि हा फेडर साधी प्लास्टिकची पट्टी आहे, आत मोटर नाही. तुम्ही दुसरा लाइट निवडला तरी पट्टी जिथे होती तिथेच राहते.

माझं काय झालं ऐका. एक नंबरचा लाइट आईचं काम करणाऱ्या काकूंच्या चेहऱ्यावर, ८० टक्क्यांवर. मी एक नंबर बंद करून दोन नंबर निवडला, मागचा निळा उजेड हळूहळू शून्यावर आणला. बरोबर जमलं. परत एक नंबर निवडला. स्टेजवर चेहरा ८० वरच होता, पण माझ्या बोटाखालचा फेडर शून्यावर. मुलगा गेल्याची बातमी आली, काकू रडायला लागल्या, आणि उजेड थोडा कमी करावा म्हणून मी फेडर केसभर हलवला.

स्टेजवर ठार अंधार. डेस्कने फेडरची जागा वाचली, एक-दोन टक्के, आणि तीच पाठवली. लोकांना वाटलं लाइन गेली. शिट्ट्या, मोबाइलचे टॉर्च. भाऊ हात न धुताच धावत आला.

ॲपमध्ये स्क्रीनवर जुना आकडा दिसतो आणि सर्व्हरवर नवा असतो, ही चूक मी ऑफिसात रोज पकडतो. इथे तीच मी केली.

उपाय सोपा आहे. आधी सगळ्या लाइटची बटणं बंद करा. कुठलाच लाइट निवडलेला नसताना फेडर अंदाजे ८० वर न्या. स्टेजवर काही होत नाही. मग एक नंबर निवडा आणि आता खाली ओढा. उडी लागत नाही. काही डेस्क आणि सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आतच असते: फेडर खऱ्या लेव्हलला स्पर्श करेपर्यंत त्याचं ऐकलंच जात नाही.

मोठ्या डेस्कवर याच्या उलटं होतं. एकच चॅनेल सीनमध्येही असतं आणि तुमच्या फेडरवरही. उजेडाच्या बाबतीत तिथे साधारण नियम असा की ज्याचा आकडा मोठा तो जिंकणार. सीनमध्ये ७० असेल तर तुम्ही फेडर शून्यावर आणा, लाइट ७० वरच. तो बिघडलेला नाही. सीनची लेव्हल कमी करावी लागेल.

अजून एक. आकडा अर्धा म्हणजे डोळ्याला अर्धा उजेड नव्हे. १२८ वरचा एलईडी बऱ्याचदा पूर्ण उजेडाच्या जवळपासच भासतो. आणि अगदी खाली, १ वरून ० वर जाताना, झटका दिसतो. म्हणून शेवटचा टप्पा सर्वात हळू.

भावाने मला एवढंच सांगितलं, "फेडरकडे नोको पाहू, स्टेजकडे पाय."

पहाटे काकूंची माफी मागायला गेलो. त्या मेकअप पुसत होत्या. म्हणाल्या, "बाबू, अंधारात बी मी रडतच होती. पन लोकायले दिसलं नाही नं."

तुमच्या गावच्या मंडईत, गॅदरिंगमध्ये डेस्कवर बसायची वेळ आली तर हे लक्षात ठेवा. हलवण्याआधी एकदा वर पाहा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!