गोळीतलं तेल आलं कुठून?

महाळुंग्याच्या एका कारखान्यात काम करणारे पंचेचाळिशीतले एक गृहस्थ मधुमेहाच्या तपासणीसाठी आमच्या सरकारी रुग्णालयात येतात. मागच्या खेपेला त्यांनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. आत लालसर गोळ्या, वर नाव 'क्रिल ऑइल'. "डॉक्टर, हा क्रिल म्हणजे कुठला मासा हो?" हृदयाला चांगलं म्हणून कुणीतरी सांगितलं होतं. पगारातली चांगली रक्कम त्यात गेली होती. त्याहून वाईट म्हणजे, हे सुरू केलं म्हणून आमच्याकडे फुकट मिळणारी शुगरची गोळी त्यांनी महिनाभर बंद ठेवली होती.

शुगरच्या गोळीबद्दल जे बोलायचं ते तिथेच बोललो. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र ओपीडीच्या गर्दीत राहून गेलं, आणि ते सांगण्यासारखं आहे.

क्रिल हा मासा नव्हे. कोळंबीसारखा दिसणारा, पाच-सहा सेंटिमीटरचा जीव. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात प्रचंड थव्यांनी राहतो. देवमासे, पेंग्विन, सील यांचं पोट त्याच्यावर चालतं. त्याच्या अंगात ओमेगा-३ भरपूर असतं, पण ते मुळात त्यानं तयार केलेलं नसतं. आपल्या बांगड्यातलं किंवा तारलीतलंही त्या माशांनी तयार केलेलं नसतं. ते बनवतात पाण्यात तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पती. त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा वाटा या सूक्ष्म जीवांचा आहे.

ध्रुवाजवळ त्यांना हे तेल लागतं कशाला? डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, जवसाचं तेल मात्र पातळच राहतं. पेशीच्या आवरणातल्या चरबीचंही असंच आहे. ती गोठली तर पेशीचा व्यवहार थांबतो. शून्य अंशाच्या खाली गेलेल्या खाऱ्या पाण्यात जगायचं तर आवरण मऊ ठेवणारी चरबी हवी, आणि ती म्हणजे ईपीएसारखी ओमेगा-३ आम्लं. काही प्लवक तर बर्फाचे स्फटिक वाढू न देणारी प्रथिनंही तयार करतात. हिवाळ्याचे अंधारे महिने अनेक पेशी बर्फात अडकून किंवा तळाशी निपचित काढतात. सूर्य परतला, बर्फ वितळू लागला की वितळलेलं हलकं पाणी वर थरासारखं पसरतं, त्या उजेडाच्या थरात पेशी टिकून राहतात आणि काही आठवड्यांत समुद्राचा रंग बदलतो.

पण सगळे प्लवक सारखे नसतात. डायटम नावाच्या गटाला काचेसारखं सिलिकाचं कवच असतं. ते बऱ्यापैकी मोठे, अनेकदा साखळ्यांनी जोडलेले आणि ईपीएनं समृद्ध. फिओसिस्टिस हा दुसरा गट चिकट गोळ्यांच्या रूपात वाढतो, त्यात ईपीए कमी. तिसरे क्रिप्टोफाइट; आकारानं आपल्या तांबड्या रक्तपेशीएवढे, म्हणजे आठेक मायक्रॉनचे. क्रिल पायांवरच्या केसांच्या गाळणीनं अन्न गोळा करतो. डायटम तिच्यात अडकतात, क्रिप्टोफाइट बरेचसे निसटून जातात.

अंटार्क्टिकाच्या पश्चिमेकडच्या द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर हाच प्रश्न उभा आहे. हिमनद्यांचं गोडं पाणी जिथे जास्त मिसळतं तिथे क्रिप्टोफाइट वरचढ होताना दिसले आहेत. समुद्र तेवढाच हिरवा दिसेल, पण क्रिलचं ताट रिकामं. शिवाय क्रिलची पिल्लं हिवाळ्यात समुद्री बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटलेले शैवाल खरवडून खातात. बर्फ कमी झाला की तोही घास गेला. अशात माणसाची मासेमारी वाढते आहे. २०२५च्या हंगामात क्रिलच्या मुख्य मासेमारी क्षेत्रातली ६,२०,००० टनांची मर्यादा पहिल्यांदाच गाठली गेली आणि हंगाम मुदतीआधी बंद करावा लागला. त्यातला मोठा भाग मत्स्यशेतीच्या खाद्यात जातो, थोडा या गोळ्यांत.

हे सगळं फार दूरचं वाटेल, पण या पाण्याचा अभ्यास करणारी एक मोठी संस्था आपल्या शेजारी गोव्यात, वास्कोला आहे : राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीमही डिसेंबर १९८१मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्यातूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तिथे पोहोचली. आज तिथे 'मैत्री' आणि 'भारती' ही आपली दोन केंद्रं आहेत. उत्तर ध्रुवाकडे, नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये, २००८पासून 'हिमाद्री' आहे. तिथल्या काँग्सफिओर्ड या खाडीत २०१४मध्ये 'इंडआर्क' ही मोजमापाची यंत्रणा पाण्यात सोडली गेली. ती पाण्याचं तापमान आणि क्षार टिपते. या खाडीच्या एका टोकाला हिमनद्या तांबूस गाळ ओततात आणि पाण्यातला उजेड अडवतात. दुसऱ्या टोकानं अटलांटिकचं उबदार पाणी आत शिरतं. २००६नंतर तिथे हिवाळी बर्फ बराच घटला आहे. वसंतात डायटम फुलणार की फिओसिस्टिस, हे दरवर्षी सारखं नसतं. एकाच खाडीत इतक्या गोष्टींची रस्सीखेच पाहायला मिळते म्हणून जगभरचे अभ्यासक तिथे तळ ठोकून असतात. (आमच्या विद्यार्थिदशेत यातलं अक्षरही शिकवलं नव्हतं. आम्ही 'कॉड लिव्हर ऑइल' एवढंच पाठ केलं.)

आता बाटलीकडे. १५,४८० मधुमेही रुग्णांवर केलेल्या 'असेंड' या चाचणीचे निष्कर्ष २०१८मध्ये प्रसिद्ध झाले. रोज एक ग्रॅम ओमेगा-३ सरासरी सातेक वर्षं घेऊनही हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा गंभीर घटनांत लक्षणीय फरक पडला नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढलेल्या काही रुग्णांना आम्ही मोठ्या मात्रेत ओमेगा-३ देतो, पण ते औषध म्हणून, देखरेखीखाली. त्यात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोकाही असतो. बाजारातली क्रिलची गोळी शुगरच्या गोळीची जागा घेत नाही.

आठवड्यातून एक-दोनदा बांगडा-तारली परवडली तर घ्यावी. शाकाहारी मंडळींसाठी जवसाची चटणी आहेच. त्यातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं, शरीर त्यातून ईपीए थोडंसंच बनवतं, तरी आहारात ती असलेली बरी.

ते गृहस्थ पंधरा दिवसांनी पुन्हा आले. शुगरची गोळी सुरू होती. क्रिलची बाटली निम्मी उरली होती. "टाकून द्यायला जीव होत नाही," म्हणाले. मी म्हटलं, संपवा, पण दुसरी आणू नका.