विश्लेषण : खेळण्यातल्या योद्ध्याचे चिलखत अंगावर कसे चढते?

लहानपणी प्लास्टिकचे योद्धे जमवणारे, पुठ्ठ्याच्या ढाल-तलवारी करणारे काही जण मोठेपणी त्याच योद्ध्याचे भव्य चिलखत तयार करून अंगावर चढवतात. ‘कॉस्प्ले’ नावाने हा छंद ओळखला जातो. हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारसारख्या गावातही तो जोपासता येईल. मात्र त्यात खरा कस लागतो तो वजन आणि उष्णतेशी.

हे नवीन आहे का?

नाव नवे, हौस जुनी. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्यात बोहाड्याच्या उत्सवात देव-दानवांचे मोठे मुखवटे चढवून सोंगे नाचवली जातात. आधुनिक कॉस्प्लेला भारतात व्यासपीठ मिळाले ते २०११ मध्ये दिल्लीत भरलेल्या पहिल्या ‘कॉमिक कॉन’मुळे.

धातू का नको?

चिलखताला चार चौरस मीटर आवरण लागते असे धरू. एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यात त्याचे वजन सुमारे ३१ किलो होईल. दहा मिलिमीटर जाडीच्या हलक्या ईव्हीए फोममध्ये तेच चार किलोंच्या आसपास बसते. चपलांचे सोल आणि मुलांच्या खेळण्याच्या चटया याच प्रकारच्या फोमच्या असतात.

बनवतात कसे?

खेळणे दहा सेंटिमीटरचे आणि चिलखत दोन मीटरचे असेल, तर उंची २० पट, पण पृष्ठभाग ४०० पट होतो. शिवाय खेळण्याचे खांदे माणसापेक्षा रुंद असतात. म्हणून आधी स्वतःच्या अंगाची मापे घेऊन कागदी साचे कापतात. ते फोमवर उतरवून तुकडे कापायचे, हीट गनने तापवून वाकवायचे आणि चप्पल-बुटांसाठी वापरतात त्या सोल्युशनने जोडायचे. पातळ फेव्हिकॉलचे थर सुकले की रंग द्यायचा. सांध्यांना इलॅस्टिक आणि वेल्क्रो लावतात.

धोका कोणता?

फोम हवा कोंडतो. शिरस्त्राणात तर घाम वाळतच नाही. त्यामुळे पॉवर बँकेवर चालणारा छोटा पंखा, पाणी, सोबत मदतनीस आणि चटकन उघडणारे बंद हवेतच. सोल्युशन ज्वालाग्राही असते. त्याचे काम हवेशीर जागी, हीट गनपासून दूर करावे. फोमही पेटतो. दसऱ्याला असे चिलखत घालून मिरवणुकीत जरूर जावे. रावणदहनाच्या वेळी मात्र ते उतरवून ठेवलेलेच बरे.